पेरलेली सोनकी

आमच्या आळीतल्या बायका गौर आणायला जातात तेव्हा बोलत नाहीत. घरातून निघताना तोंड मिटतं ते गौर उंबऱ्यावर येईपर्यंत. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, साप आडवा गेला तरी ओरडायचं नाही. गुंजवण्याच्या अलीकडे आमची वाडी आहे आणि वाडीच्या मागे टेपाड. त्या टेपाडावर जायचं, तेरडा मुळासकट उपटायचा, त्याच्याबरोबर ओंजळभर सोनकी तोडायची आणि मुक्यानंच परत यायचं. सोनकी म्हणजे पावसाळा सरत आला की उतारच्या उतार पिवळा करणारं रानफूल. दरवर्षी आपण होऊन उगवतं आणि दिवाळीपर्यंत वाळून जातं. तेरडा गौरीचं अंग, सोनकी तिचं सोनं, असं माझी आई म्हणायची.

ते टेपाड विकलं गेलं. ज्यांचं होतं त्यांनी विकलं, त्यात मला पडायचं नाही. पण घेणाऱ्याने पहिल्याच उन्हाळ्यात वर जेसीबी चढवला, उतार कापून सपाटी केली, बंगला बांधला, विलायती गवत लावलं आणि खाली वाटेवर काळं लोखंडी फाटक बसवलं. मालकाचं नाव अमृत. पुण्याचा, चाळिशीचा माणूस. फाटकावर आमच्याच वाडीतला गोरख वॉचमन.

त्या वर्षी बायका गौर आणायला गेल्या तर फाटक बंद. गोरख आतून विचारू लागला, काय पाहिजे, कुणाकडं जायचंय. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याची आईच त्या बायकांत उभी होती. पण मागे व्हरांड्यात मालक उभा होता, आणि विचारल्याशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही असा त्याचा हुकूम होता. बायकांना बोलता येत नव्हतं. थोडा वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. मग मालकाने हाताने 'निघा' अशी खूण केली आणि त्या परत आल्या. रस्त्याकडेचा तेरडा उपटून गौर बसवली. पिवळं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुरणाचं ताट गौरीपुढे ठेवताना मंगल, माझी बायको, हात जोडून काहीतरी पुटपुटत होती. मी जवळच बसलो होतो म्हणून ऐकू आलं. ती गौरीची माफी मागत होती. फाटक लावलं कोणी आणि माफी मागतंय कोण!

राग मला येतो. लहानपणापासून येतो. तो बाहेर कसा काढायचा हे मात्र मला कधी जमलेलं नाही. माझी सगळी नोकरी भोरच्या एका वाचनालयात झाली. तिथे हळू बोलण्याचाच पगार मिळतो. फाटकापाशी जाऊन त्या माणसाला चार शब्द सुनावावेत असं मला रोज वाटायचं. शब्दही मनात तयार असायचे, चांगले घोटलेले. पण पायात चपला घातल्या की ते पांगायचे, आणि मी वाण्याकडून काडेपेटी घेऊन परत यायचो.

म्हणून मी सोनकी परसात लावायची ठरवली. रागाच्या भरात लोक दगड मारतात, मी वाफा केला. हे सांगताना मला थोडं ओशाळायला होतं, पण तेव्हा मला तो मोठा जबाब वाटला होता. तुझं टेपाड तुझ्यापाशी ठेव, आमचं सोनं आम्ही दारात उगवू.

केळदच्या रस्त्याला जिथे दरड कापली आहे तिथून मी कार्तिकात बी आणलं. बी कसलं, टोकाला पांढरा केस असलेली कूस. हातावर घेतली आणि जरा श्वास सोडला की उडून जायची. चांगल्या काळ्या मातीचा वाफा केला, शेणखत घातलं, पाऊस लागल्यावर पेरलं. पुस्तकात पाहून सगळं केलं. पुस्तकात बाग होती, रान नव्हतं. रोपं माझ्या कमरेला लागली. हिरवीगार, जाड देठाची, आणि फुलाचं नाव नाही. श्रावणाच्या पावसात एकेक करून आडवी झाली आणि मुळाशी कुजली. त्या वर्षीही गौर तशीच बसली. बायका फाटकाकडे गेल्याच नाहीत.

पुढच्या खेपेला मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि केळदच्या दरडीपाशी जाऊन नुसता बसून राहिलो. सोनकी कशात उगवते ते पाहिलं. माती जवळपास नव्हतीच. कातळ, कातळावर बोटभर मुरूम, त्यातून पाणी क्षणात वाहून जातं. मग मी परसातला वाफा उपसला. दगड रचले, त्यांच्यावर मुरूम पसरला, खताचा कण घातला नाही, आणि दरडीवरून पुन्हा आणलेलं बी त्यात पेरलं. शेजारचा बंडू कुंपणावर हात टेकून बघत होता. म्हणाला, "आप्पा, औंदा दगुड पेरलाय व्हय? उगवला तर मला बी एक द्या, जात्याला लागतोय." आळीत दोन दिवस हाच विनोद चालू होता.

पण उगवली. आषाढात बारीक पानं दिसली, श्रावणात रोपं वीत-दीड वीत झाली आणि थांबली. गणपती यायच्या आधी पहिलं फूल उमललं. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि मला हसूच येईना. इतका राग त्या वाफ्यात घातला होता की फूल आलं तेव्हा मला आधी तो फाटकवालाच आठवला.

त्याच आठवड्यात आमच्या दाराशी गाडी थांबली. शेफाली नावाची मुलगी उतरली. बंगल्यांच्या बागा आखून द्यायचं काम करते म्हणाली. अमृतच्या बंगल्याचं काम तिच्याकडे होतं. बोलायला गोड, वाफ्यापाशी येऊन बसलीदेखील, आणि फुलांकडे बघताना तिचे डोळे खरंच चमकले.

"काका, ही सोनकीच ना? मी इतक्या नर्सऱ्यांमध्ये विचारलं, कुठेच मिळत नाही. अमृतसरांना लॉनच्या कडेला अगदी इथलीच फुलं हवी आहेत. सह्याद्रीची म्हणून. गणपतीत त्यांचे पाहुणे येतायत. थोडी रोपं द्याल?"

माझ्या कानशिलात रक्त चढलं. ज्या माणसाने एका उन्हाळ्यात अख्खा उतार खरवडून काढला, त्याला आता लॉनच्या कडेला सोनकी हवी होती, आणि ती नर्सरीत मिळत नव्हती! मला तिला हेच सांगायचं होतं. मंगलने चहा आणला. शेफालीने चहा चांगला झाल्याचं सांगितलं, मातीबद्दल दोन-तीन शहाणे प्रश्न विचारले, माझी उत्तरं मोबाईलमध्ये टिपून घेतली, आणि जाताना पुन्हा विचारलं, मग रोपांचं नक्की ना? मी मान हलवली. कशासाठी हलवली, मला अजून समजलेलं नाही. समोरचा माणूस नीट बोलत असला की माझी मान आपोआप हलते.

गाडी वळणाआड गेल्यावर मंगल म्हणाली, "दिली का रोपं?"

मी म्हटलं, दिली नाहीत.

"मंग मुंडी कुनी हालवली? म्या?"

मी आत जाऊन बसलो. संध्याकाळपर्यंत मनातल्या मनात शेफालीला उत्तर देत होतो.

ऋषिपंचमीला मंगलचा उपास असतो. त्या दिवशी बैलाने नांगरलेल्या शेतातलं काही खायचं नाही. आपोआप उगवलेल्या भाज्या, परसातलं हाताने लावलेलं अळू, असं सगळं एकत्र शिजवून ती खाते. ती भाजी निवडत होती आणि मी तिला मोठ्या उत्साहाने म्हणालो की यंदा गौरीला सोनकीची काळजी नाही, दारातच फुललीय, पाहिजे तेवढी तोड.

तिने निवडणं थांबवलं नाही. "ती न्हाई चालायची."

"का?"

"पेरलेली हाय ती. गौर रानातनं येती. कुनी न लावल्यालं, कुनी पानी न घातल्यालं लागतं तिला. हिला तुमी बोटानं पेरलीय, रोज जाऊन हात लावताय."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. दोन वर्षं मी त्या वाफ्यापाशी गुडघे टेकले होते. मी तिला म्हणालो की असं कुठेही लिहिलेलं नाही. व्रतांची पुस्तकं मी वाचली आहेत, कुठल्याही पुस्तकात गौरीचं फूल न पेरलेलं हवं असं नाही. ती म्हणाली, पुस्तकं लिहिणाऱ्यांनी गौर आणली होती का कधी? मी म्हणालो, माझ्या आईनेही मला असं काही सांगितलं नव्हतं. मंगल म्हणाली, आई ते तुम्हाला कशाला सांगतील, मला सांगितलंय, याच चुलीपाशी.

मग मात्र माझा आवाज चढला. घरात तो चढतो, तेवढं एक मला जमतं. मी म्हणालो की मग तुझी गौर बसव तशीच उघडी, आणि पुन्हा हात जोडून माफी माग तिची, त्या फाटकवाल्याच्या वाटची. हे बोलायला नको होतं. मंगलने भाजीची पाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"त्याच्यावरचा राग माझ्यावर काडू नका," ती म्हणाली. "आमाला वाटंनं बोलायचं न्हाई. तुमाला कुनी बंदी केलीय? चला परवा संगं. फाटकापाशी उबं ऱ्हावा आणि बोला."

गौर आणायला पुरुष जात नाहीत. पण जाऊ नये असंही कोणी म्हटलेलं नव्हतं. बंदी नव्हती, हीच तर अडचण होती. त्या दोन रात्री मी काय बोलायचं ते जुळवत होतो. पहिलं वाक्य नम्र हवं, असं ठरलं. वहिवाट हा शब्द घालायचा, असंही ठरलं.

गौरी यायच्या दिवशी पाऊस उघडला होता. बायका दुपारी निघाल्या. नवी लुगडी, हातात ताटं, तोंडं मिटलेली. मी मागे दहा पावलांवर छत्री घेऊन चालत होतो. बंडू ओट्यावर बसला होता, मला बघून त्याचं तोंड उघडलं, पण बायका समोर होत्या म्हणून त्याने ते मिटलं.

फाटक बंद होतं. वरून कसलातरी घरघर आवाज येत होता. गोरख उठून उभा राहिला, आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "आप्पा, तुमी?" त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. तेवढ्यात अमृतच खाली आला. पांढरा कुडता, पायात चांगल्या चपला. माझ्याकडे बघून हसला.

"या, या काका. रोपं आणलीत ना? शेफाली म्हणाली होती, देतो म्हणालात."

बायकांच्या ताटांतल्या तांब्याशेजारी तो रोपं शोधत होता. माझं पहिलं वाक्य गेलं. दुसरंही गेलं. छत्रीचा दांडा हातात घट्ट धरून मी एवढंच म्हणालो, "बायकांना वर जायचंय."

"कशाला?"

"गौर आणायला. आधीपासून इथूनच नेतात. तुमच्या आधीपासून."

"अरे, मग सांगायचं ना!" तो मोकळेपणाने म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी मी स्वतः इथे होतो. गोरखने विचारलं, तर कोणी एक शब्द बोलायला तयार नाही. मला वाटलं, वर्गणी-बिर्गणी असेल."

गौर आणताना बोलत नाहीत, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, वा, फार सुंदर. गोरखने फाटक उघडलं. बायका आत शिरल्या आणि अमृत मोबाईल काढून त्यांच्या बाजूबाजूने चालू लागला. मंगलच्या तोंडासमोर मोबाईल धरून तो म्हणाला, "ताई, थोडं सांगा ना, काय परंपरा आहे ही?" आत्ताच मी त्याला सांगितलं होतं. मंगल सरळ पुढे बघत चालत राहिली.

तेरडा लॉनच्या खालच्या अंगाला मिळाला. सोनकी तिथे नव्हती, तिथे नुसतं ते कंगव्याने विंचरल्यासारखं गवत होतं. पण सपाटीच्या पार वरच्या कडेला कातळाची एक पट्टी जेसीबीला निघाली नव्हती. तिथे पिवळं दिसत होतं. आणि तिथूनच तो घरघर आवाज येत होता. गळ्यात ग्रासकटर अडकवलेला एक माणूस ती पट्टी कापत चालला होता. निम्मी कापून झाली होती. कापलेली सोनकी कातळावर पडली होती, काही उमललेली, बरीचशी कळ्यांतच.

मी लॉनवरून पळालो. या वयात मी पळेन असं मला वाटलं नव्हतं. त्या माणसाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो आणि छत्री आडवी धरली. मशीन बंद झालं.

"काका, काका, शांत व्हा," अमृत मागून आला. "ते तण आहे. ते साफ करून तिथेच तर तुमची सोनकी लावायची आहे. शेफालीने जागा तीच सांगितलीय."

"ही सोनकी आहे," मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "ही सोनकी आहे! तुम्ही सोनकी कापून सोनकी लावताय! आधी अख्खा उतार खरवडलात, एवढी कड उरली होती, तीही पायाखाली घातली नाहीत तर तुम्हाला झोप येत नव्हती का? एक रोप देणार नाही मी. वाळवून चुलीत घालीन, पण तुमच्या या गवताच्या कडेला लावायला देणार नाही."

बरंच काही बोललो. वहिवाट हा शब्द आला नाही. काही वाक्यं अर्धीच राहिली, एकदा ओठातून थुंकी उडाली, आणि मला ते दिसलं तरी मी थांबलो नाही. ग्रासकटरवाला खाली मान घालून उभा होता. त्याच्यावर मी ओरडत नव्हतो, हे त्याला सांगायला हवं होतं, ते राहून गेलं.

मी बोलत होतो तेवढ्यात मंगल माझ्या मागून पुढे गेली. कापून पडलेल्या फुलांकडे तिने बघितलंही नाही. न कापलेल्या भागात वाकून तिने ओंजळभर सोनकी खुडली, ताटात ठेवली, पदर नीट केला आणि वळली. बाकीच्यांनी आपापली घेतली. बायका खाली निघाल्या.

अमृतचं हसू गेलं होतं. पण त्याने आवाज चढवला नाही. "ठीक आहे काका. तुमच्या भावना मी समजू शकतो. पुढच्या वर्षीही या. फक्त आधी एक फोन करत जा."

"फाटक लावण्याआधी तुम्ही कोणाला फोन केला होता?" मी विचारलं आणि निघालो. छत्री काठीसारखी टेकत टेकत उतरलो.

घरी बंडूची सून शिवानी उंबऱ्यात उभी होती. तिने मंगलच्या पायांवर दूध-पाणी घातलं, गौर कशाच्या पावलांनी आली ते विचारलं, मंगलने सोन्याच्या पावलांनी म्हणून सांगितलं, आणि गौर आत आली. तेरड्यात खोवलेली सोनकी ताजी होती. मंगलने हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, आणि उठता उठता माझ्याकडे बघून म्हणाली, "मला बोलता येत न्हवतं म्हनून वाचला त्यो."

ती हसत नव्हती. मीही हसलो नाही. आणि तेवढ्यात टेपाडावरून पुन्हा घरघर ऐकू आली.

मी चपला घातल्या. मंगलने ताट शिवानीच्या हातात दिलं. "थांबा. म्या येते." आळीतून जाताना तिने दारादारांत काहीतरी सांगितलं असावं, कारण फाटकापाशी पोचलो तेव्हा मघाच्या बहुतेक बायका आमच्याबरोबर होत्या, आणि या वेळी सगळ्या एकदम बोलत होत्या. गोरखला त्याच्या आईने काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. त्याने फाटक सताड उघडलं आणि स्वतः बाजूला झाला.

वर मशीन बंद झालं. अमृत सामोरा आला, या वेळी मोबाईल खिशात होता. मी पुढे गेलो नाही, मागेही सरलो नाही. पुढे मंगल होती.

"त्या पट्टीला मशीन लागता कामा न्हाई," ती म्हणाली. "आज न्हाई, आणि फुलं वाळली म्हनून बी न्हाई. वाळल्यावर तिचं बी पडतं. ते पडू द्या. तुमी तितं काय लावू नका, आणि आमाला बी काय पेरायचं न्हाई. ती तिची तिची येती."

अमृत म्हणाला की साप निघतात, पाहुण्यांची लहान मुलं असतात. मंगल म्हणाली, आम्ही इथेच लहानाचे मोठे झालो. मागून कुणीतरी म्हणालं की सापांना फाटक दाखवा म्हणावं. बायका हसल्या. तो हसला नाही. शेवटी म्हणाला, बरं, राहू दे ती कड. उपकार केल्यासारखं म्हणाला. आमची कड आम्हाला राहू दिली.

त्याच्या शब्दावर माझा भरवसा नाही. म्हणून मी रोज सकाळी वर जाऊन बघून येतो. गोरख काही विचारत नाही, फाटक उघडतो. कापलेल्या भागात काळा कातळ दिसतो. उरलेल्या भागात सोनकी आता पूर्ण फुललीय. शेफाली एकदा भेटली. कड कापायला तिने सांगितलं नव्हतं, तिने फक्त जागा दाखवली होती, असं म्हणाली. खरं असेल. मी ऐकून घेतलं, पण मान हलवली नाही.

अमृत कधीकधी व्हरांड्यात चहा पीत बसलेला असतो. मला बघून हात वर करतो. मी त्याला नमस्कार करत नाही. समोरच्याने हात केला आणि आपण केला नाही, असं माझ्याकडून आजवर कधी झालेलं नाही. फार जड जातं. तरी करत नाही.